दुकानदाराला विकायच्या सॉफ्टवेअरची ॲक्टिव्हेशन की: बनवायची कशी, तपासायची कशी

ठाणे आणि नवी मुंबईत दोन-चार जणांनी मिळून लिहिलेली सॉफ्टवेअरं बरीच चालतात. कुठे वाशीच्या मार्केट यार्डात आडत्याची पट्टी काढायची, कुठे हाउसिंग सोसायटीची मेंटेनन्स बिलं, कुठे वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं जॉबवर्क चलन. माल चांगला असतो, पण की (प्रोग्राम चालू करताना टाकायचा कोड) तपासायचा भाग शेवटच्या रात्री घाईत उरकलेला असतो. पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर एकच की पंधरा गाळ्यांवर फिरते, नाहीतर ज्याने रोख पैसे मोजले त्याचंच मशीन ऐन गर्दीत बंद पडतं. यातली दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. चोरून वापरणारा तसाही पैसे देणार नव्हता, पण अडकलेला गिऱ्हाईक आख्ख्या गल्लीला सांगतो.

म्हणून पुढची सगळी मांडणी एका अटीवर उभी आहे: शंका आली तर मशीन चालू राहिलं पाहिजे.

की म्हणजे गणित नव्हे, पावती नंबर

पहिली चूक इथेच होते. प्रोग्रामर एखादं सूत्र ठरवतो, त्या सूत्रात बसणारी की खरी मानतो आणि तेच सूत्र प्रोग्रामच्या आत ठेवतो. प्रोग्राम ज्याच्या हातात, सूत्र त्याच्या हातात. विंडोज ९५ च्या सीडीची की हे याचं गाजलेलं उदाहरण. शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला की काम झालं, त्यामुळे १११-१११११११ हीसुद्धा चालायची. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एक्सपीबरोबर इंटरनेटवरून किंवा फोनवरून ॲक्टिव्हेशन आणलं.

काम दोन तुकड्यांत वाटा. गिऱ्हाइकाच्या हातात जाते ती छोटी की. ती निव्वळ यादृच्छिक अक्षरांची, तिच्यात काहीही दडवलेलं नाही. तिचा अर्थ फक्त तुमच्या सर्व्हरला ठाऊक. सर्व्हर ती पाहतो आणि त्या मशीनसाठी डिजिटल सही केलेली लायसन्स फाइल परत पाठवतो. सही होते तुमच्याजवळच्या खासगी किल्लीने, प्रोग्राममध्ये असते फक्त सार्वजनिक किल्ली, आणि तिने सही ताडता येते, करता येत नाही. त्यानंतर प्रोग्राम रोज तपासतो ती ही फाइल, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

सगळं एकाच कीमध्ये का बसवत नाही? एड२५५१९ या पद्धतीची सही ६४ बाइटची असते. ती अक्षरांत उतरवली तर १०३ अक्षरं होतात, आणि आरएसए-२०४८ या दुसऱ्या पद्धतीची सही त्याच्या चौपट. एवढं कोण टाइप करणार?

वीस अक्षरं

पाच-पाचचे चार गट पुरतात. १९ अक्षरं यादृच्छिक आणि विसावं तपासणीचं. ३२ चिन्हांचा संच घेतला तर प्रत्येक अक्षर ५ बिटचं, म्हणजे एकूण ९५ बिट. शक्यता किती? चारावर साधारण २८ शून्यं. दहा हजार की विकल्या असतील तरी अंदाजाने एखादी लागण्याची भीती उरत नाही.

संच क्रॉकफर्डचा बेस३२ घ्या, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ३२ चिन्हं. त्यात इंग्रजी आय, एल, ओ आणि यू ही अक्षरं नसतात. कोणी शून्याऐवजी ओ टाकला किंवा एकाऐवजी आय वा एल, तर प्रोग्रामने ते मुकाट्याने सुधारून घ्यावं. तपासणीच्या अक्षरासाठी लुन ही बेरजेवर चालणारी पद्धत ३२ चिन्हांवर चालवा. एक अक्षर चुकलं तर ती हमखास पकडते, शेजारची दोन उलटी झाली तरी जवळजवळ नेहमी पकडते. ही तपासणी सुरक्षेसाठी नाही. टायपिंगची चूक सर्व्हरपर्यंत न जाता तिथल्या तिथे सापडावी, एवढंच तिचं काम.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि माणूस १, २, ३ देवनागरीत टाकतो. स्क्रीनवर आकडा बरोबर दिसतो, प्रोग्राम मात्र ‘की चुकीची’ म्हणतो. देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलण्याच्या चार ओळी सुरुवातीलाच लिहून टाका. मधल्या रेघा आणि रिकाम्या जागा काढा, लहान लिपी मोठी करा. कीमध्ये तारा (*), अधोरेघ (_) किंवा लाटरेघ (~) यांसारखी चिन्हं नकोत, कारण व्हॉट्सॲप त्यांचा अर्थ ठळक, तिरकं, खोडलेलं असा लावतं आणि चिन्हंच खातं. फोनवर सांगताना बी, डी, पी, टी एकसारखे ऐकू येतात, त्यामुळे की तोंडी सांगायची वेळच येऊ देऊ नका. मेसेज पाठवा.

यादृच्छिक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित स्रोतातून आलेलं. पायथॉनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल, पीएचपीत रँडम-बाइट्स, डॉटनेटमध्ये रँडम-नंबर-जनरेटर. पायथॉनचं साधं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर नावाच्या सूत्रावर चालतं. त्याचे ३२ बिटचे ६२४ आकडे कोणी पाहिले तर पुढचे सगळे सांगता येतात. चिन्हं ३२ असल्याचा एक फायदा असा की प्रत्येक बाइटचे खालचे पाच बिट घेतले की झालं, कुठल्याही अक्षराला झुकतं माप मिळत नाही.

सर्व्हरवर पूर्ण की जपून ठेवू नका. सर्व्हरच्या गुप्त किल्लीने तिचा एचमॅक एसएचए-२५६ (एक प्रकारचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ की परत काढता येत नाही असा ठसा) काढून तो ठेवा, आणि सोबत शेवटची पाच अक्षरं. फोन आला की ‘शेवटची पाच अक्षरं सांगा’ एवढ्यावर नोंद सापडते. पासवर्डसाठी लागणारे संथ हॅश इथे नकोत. पासवर्ड माणसाने निवडलेला असतो म्हणून त्याला ते लागतात. ९५ बिटच्या यादृच्छिक कीला लागत नाहीत.

की कधी द्यायची? पैसे खात्यात दिसल्यावर. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पेमेंट गेटवे लावला असेल तर त्याचा संदेश सही तपासूनच खरा माना, आणि तोच संदेश दोनदा येऊ शकतो हे धरून चाला. पेमेंट क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक ठेवला नाही तर एका पैशात दोन की जातात.

सही कशावर करायची

लायसन्स फाइलमध्ये लायसन्स क्रमांक, प्रोग्रामचं नाव, आवृत्ती, किती मशीन, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, अपडेट कधीपर्यंत, मशीनची ओळख, आणि कोणत्या किल्लीने सही केली तिचा क्रमांक असावा. शेवटचा रकाना विसरू नका. खासगी किल्ली उद्या बदलावी लागली तर जुन्या फाइली चालू राहतात त्या याच्याच जोरावर. प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून दोन सार्वजनिक किल्ल्या ठेवा: एक चालू, एक राखीव. सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, जागेचा प्रश्नच नाही.

सही नेमक्या बाइट्सवर करा. जेसन (फाइलमधले रकाने लिहायची पद्धत) वाचायचं, पुन्हा लिहायचं आणि मग सही ताडून पाहायची, हे करू नका. रकान्यांचा क्रम किंवा एखादी मोकळी जागा बदलली की सही मोडते. मराठी नावांत तर आणखी एक खोच आहे. ‘कऱ्हाडे’ मधला ऱ काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, तर काही र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक नाही, बाइट्स वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) ही जोडी एक होते, पण जोडचिन्ह घालून लिहिलेला अर्धा र त्यातूनही निसटतो. उपाय साधा आहे. जेसनचे बाइट्स जसेच्या तसे बेस६४ करून (साध्या अक्षरांत उतरवून) पहिल्या ओळीत, सही दुसऱ्या ओळीत. आधी सही ताडा, मग आतलं वाचा.

सही करणारी खासगी किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर, सोर्स कोडच्या शेजारी पडलेली नसावी. सही करणारी सेवा वेगळ्या मशीनवर ठेवा, आणि तिला बाहेरून फक्त ‘या नोंदीची फाइल दे’ एवढंच विचारता यावं. किल्लीच्या दोन प्रती पासवर्डने बंद करून दोन वेगळ्या जागी ठेवा, एक ऑफिसात आणि एक ऑफिसाबाहेर. नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवर तिसरी प्रत असेल तर ती किल्ली बाद समजा.

इन्स्टॉलरवर करायची कोड सायनिंगची सही हे वेगळं प्रकरण आहे. १ जून २०२३ पासून त्या सर्टिफिकेटची किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं बंधनकारक आहे. ते टोकन लायसन्सच्या सहीला वापरू नका. दोन्ही किल्ल्या एकत्र गेल्या तर दोन्ही कामं एकदम बसतात.

मशीन ओळखायचं कसं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जुळवून आणलेली मशीनं अजून भरपूर आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. अशा मदरबोर्डच्या सीरियल नंबरच्या जागी अनेकदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच लिहिलेलं असतं. काहींचा यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) कारखान्याने दिलेला एकच ठरावीक आकडा असतो, दहा मशीनला एकच. विंडोज सांगतं तो प्रोसेसर आयडी सीरियल नंबर नव्हेच, एकाच मॉडेलच्या सगळ्या प्रोसेसरना तो सारखा असतो. मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर, वायफायचा डोंगल बदलला की बदलतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतला मशीनगुइड (विंडोजने त्या मशीनला दिलेला क्रमांक) विंडोज नव्याने टाकलं की बदलतो, आणि डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोन मशीनवर एकच राहतो.

कुठल्याही एका खुणेवर विसंबू नका. यूयूआयडी, मदरबोर्डचा सीरियल, डिस्कचा कारखान्याचा सीरियल, मशीनगुइड आणि मुख्य नेटवर्क कार्डाचा ॲड्रेस अशा पाच खुणा घ्या. कचरा किमतींची यादी ठेवून त्या आधीच गाळा. उरलेल्यांपैकी तीन जुळल्या तर तेच मशीन. तीनच उरल्या असतील तर दोन जुळल्या तरी चालतील. प्रत्येक खुणेचा वेगवेगळा हॅश पाठवा. सगळ्या जोडून एकच हॅश केला तर एक खूण बदलली तरी सगळंच बदललेलं दिसतं आणि तीनपैकी दोन हा हिशोब करताच येत नाही.

पावसाळ्यात मदरबोर्ड जातात, त्यामुळे जुनं मशीन मोकळं करण्याची सोय गिऱ्हाइकाच्या हातात हवी. वर्षाला तीन वेळा त्याला स्वतःला हलवता यावं, चौथ्यांदा त्याने फोन करावा. मेलेल्या मशीनवर ‘मोकळं करा’ हे बटण दाबता येत नाही, तेव्हा ४५ दिवस ज्या मशीनने सर्व्हरला हाक दिली नाही त्याची जागा आपोआप सुटू द्या. ज्यांना बिन-इंटरनेटचं लायसन्स दिलं आहे ते या नियमातून वगळा.

ॲक्टिव्हेशनच्या वेळी काय मोडतं

प्रोग्राम की स्वच्छ करतो, तपासणीचं अक्षर ताडतो, की आणि खुणांचे हॅश एचटीटीपीएसवरून पाठवतो. सर्व्हर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जागा मोजतो आणि नोंद करतो. हे दोन वेगळ्या पायऱ्यांत केलं तर दोन मशीनवर एकाच क्षणी बटण दाबल्यास एका जागेवर दोघे बसतात. मग फाइल येते, सही ताडली जाते, फाइल जागेवर ठेवली जाते. कागदावर सोपं आहे. गाळ्यावर पुढच्या गोष्टी आडव्या येतात.

तारीख. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. टीटीसी (नवी मुंबईतला औद्योगिक भाग) आणि वागळे पट्ट्यात शुक्रवारी सुट्टी, दुरुस्तीसाठी वीजही बऱ्याचदा त्याच दिवशी बंद. शनिवारी सकाळी मशीन उघडतं ते कित्येक वर्षं मागच्या तारखेवर. आता लायसन्स ‘अजून सुरूच झालेलं नाही’. इंटरनेट तपासावं तर तेही चालत नाही, कारण त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेटही वैध नसतं. गिऱ्हाइकाला ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ दिसतं आणि तो इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. म्हणून प्रोग्रामची ही आवृत्ती ज्या दिवशी बनवली ती तारीख आत लिहून ठेवा. मशीनची तारीख तिच्याही मागची दिसली तर थेट सांगा: ‘कॉम्प्युटरची तारीख चुकली आहे, ती दुरुस्त करा, सेल बदलून घ्या.’ मुद्दाम तारीख मागे नेणारे असतात, त्यांच्यासाठी शेवटची पाहिलेली वेळ नोंदवा. दोन दिवसांपर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर फक्त सर्व्हरशी एकदा बोलणं सक्तीचं करा, कुलूप नको.

जुनं विंडोज. विंडोज ७ अजून दिसतं. त्यात टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची पद्धत) आहे, पण प्रोग्राम कशातून जोडणी करतो त्यावर ते आपोआप चालू असेलच असं नाही. डॉटनेट ४.६ च्या आधीच्या आवृत्तीत ते कोडमधून सांगावं लागतं.

अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस मधे बसून स्वतःचं सर्टिफिकेट लावतात. तुम्ही सर्टिफिकेट पिन केलं असेल, म्हणजे ठरावीक सर्टिफिकेटच चालेल असं प्रोग्राममध्ये लिहिलं असेल, तर ॲक्टिव्हेशन तिथेच अडतं. पिनिंगची गरजच नाही. मधल्या कोणी फाइल बदलली तरी आतली सही मोडणारच आहे.

परवानग्या. फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकली तर साध्या युजरला लिहिता येत नाही. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये टाकली तर दुसऱ्या लॉगिनने बसलेल्या अकाउंटंटला पुन्हा की मागितली जाते. जागा प्रोग्रॅमडेटा हीच, पण तिथेही एकाने तयार केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. फोल्डरची परवानगी इन्स्टॉलरनेच, ॲडमिन म्हणून चालताना, मोकळी करून ठेवावी. ‘मालकाच्या लॉगिनला चालतं, मुनीमजींच्या नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

आयपीवरून अडवणं. कीचा अंदाज लावणाऱ्यांना रोखायला तासाला दहा प्रयत्नांची मर्यादा ठीक आहे, पण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीवरून बाहेर काढतात. मर्यादा कीवर आणि मशीनवर लावा, आयपीवर सैल ठेवा.

इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी आधी मोबाइलचा हॉटस्पॉट सुचवा. दोन मिनिटं आणि काही केबी डेटा, दहातल्या नऊ जणांचं काम तेवढ्यात होतं. महापे-रबाळेकडच्या काही कारखान्यांत मशीन मुद्दाम नेटवर्कबाहेर ठेवलेलं असतं, तिथे पेनड्राइव्हवरून विनंतीची फाइल बाहेर आणि सही केलेली फाइल आत. अशांना वर्षाची मुदत द्या, कारण दिलेली फाइल मग परत घेता येत नाही.

मुदत कधी संपावी

तारीख फक्त दिवसापुरती लिहिली आणि सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला, की लायसन्स आपल्या पहाटे साडेपाचला संपतं. वाशीच्या भाजीपाला मार्केटमध्ये तेव्हा व्यवहार ऐन भरात असतो. आपल्या मध्यरात्रीवर ठेवलं तरी गाड्या तोवर लागायला लागलेल्या असतात. दुपारी तीन ही वेळ ठेवा, म्हणजे यूटीसी साडेनऊ. त्या वेळी गाळा शांत असतो आणि तुमचा फोन उचलायला कोणीतरी ऑफिसात असतं. ३१ मार्च, महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. जीएसटीआर-१ आणि ३बी भरायच्या दिवशी मशीन अडलं तर नूतनीकरण कायमचं गेलं समजा. तारीख आपोआप पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलणारा कोड दहा ओळींचा आहे.

चालू लायसन्सने दिवसातून एकदा सर्व्हरला हाक द्यावी. नाही लागली तर ३० दिवस काहीही अडवायचं नाही, फक्त विसाव्या दिवसापासून वर पिवळी पट्टी दाखवायची. तुमचा सर्व्हर पडला, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, तरी कोणाचं दुकान थांबत नाही.

मुदत खरोखर संपल्यावर नवी नोंद बंद करा. जुनी बिलं पाहणं, छापणं, एक्सेलमध्ये काढणं चालूच ठेवा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. तो डेटा तुमच्या कुलपात अडकवणं म्हणजे गिऱ्हाइकाला नोटीस मिळवून देणं. आणि चोरीची प्रत सापडली म्हणून आकडे गुपचूप बिघडवण्याची आयडिया डोक्यात येते, ती काढून टाका. तुमची तपासणी चुकली तर खरेदीदाराचेच हिशोब बिघडतील.

जो फोडायचाच म्हणेल

तो फोडेल. प्रोग्राम त्याच्या मशीनवर चालतो, ‘सही बरोबर आहे का’ या प्रश्नाचं उत्तर तो डिबगरने (चालू प्रोग्राम आतून पाहायच्या साधनाने) बदलू शकतो. त्यापायी तीन महिने घालवू नका. तपासणी दोन-तीन ठिकाणी विखरून ठेवा, प्रोग्रामवर सही करा, आणि ज्याची खरी किंमत आहे ते सर्व्हरवर ठेवा: बॅकअप, कर बदलला की येणारे अपडेट, ई-इन्व्हॉइसची जोडणी. फोडलेल्या प्रतीला हे मिळत नाही.

कायदा मागे आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब खाली जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावरही सोडू शकतं. कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ २०१२ च्या दुरुस्तीत आलं. पण कलम ५२ खरेदीदाराला स्वतःच्या प्रतीचा बॅकअप ठेवू देतं, तेव्हा करारात ‘बॅकअप काढल्यास लायसन्स रद्द’ असलं काही लिहू नका.

विकायला काढण्याआधी एका जुन्या मशीनवर हे करून पाहा: सेल काढून सुरू करा, दुसऱ्या युजरने लॉगिन करा, कीबोर्ड मराठीवर ठेवून की टाका, नेटवर्कची तार काढून तारीख ३१ दिवस पुढे न्या, डिस्कची नक्कल दुसऱ्या मशीनवर लावा, नावात ऱ असलेली फर्म नोंदवा. यातल्या प्रत्येक वेळी स्क्रीनवर आलेला संदेश संगणकाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि पुढे काय करायचं ते त्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर संदेश पुन्हा लिहा.

एक फाइल मात्र आजच सही करून ठेवा: कुठल्याही मशीनवर, मुदतीशिवाय चालणारी. ती दोन्ही बॅकअप प्रतींशेजारी, पासवर्डने बंद असावी. धंदा गुंडाळायची वेळ आली तर तीच सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायची आणि मगच सर्व्हर बंद करायचा.